कपकेकला गुण देण्याआधी आयसिंग बाजूला काढा

प्रश्न असा आहे: पुण्यातला पाच जणांचा एक गट कॅम्प, कोथरूड, औंध आणि विमाननगर इथल्या बेकऱ्यांतून कपकेक आणतो, चाखतो आणि दहापैकी गुण देतो. दर खेपेला चॉकलेटचाच कपकेक पहिला येतो. एका रविवारी पहिली आलेली बेकरी पुढच्या रविवारी चौथी जाते. मग गुणांवरून वाद. रीतसर गुण कसे द्यायचे आणि चाखताना नेमकं काय बघायचं?

तुमच्या जिभेत खोट नाही. पण तुम्ही ज्याला गुण देताय, त्यात केकचा वाटा थोडा आणि तीन इतर गोष्टींचा वाटा मोठा आहे: कपकेक किती थंड होता, भट्टीतून निघून किती तास झाले होते आणि वर आयसिंग किती होतं. या तीन गोष्टी सगळ्यांसाठी सारख्या केल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी केक आणि आयसिंग वेगवेगळं चाखायला शिकावं लागतं.

आधी कोणाची तुलना कोणाशी करायची, ते ठरवा. चॉकलेट दर वेळी जिंकतं, कारण कोको बरेच दोष झाकतो. सोड्याचा साबणासारखा कडसरपणा, स्वस्त इसेन्सचा भपकारा, जुन्या तुपकटपणाचा वास हे सगळं कोकोच्या कडवट-भाजक्या चवीखाली दबतं. रेड व्हेल्वेटचं वेगळंच. तिथे रंग आणि वरचं चीज निकाल ठरवतात. बेकरीचा हात बघायचा असेल तर साधा व्हॅनिला घ्या, त्यात लपायला जागा नसते. दुसरी वाटणी अंड्याचे आणि बिनअंड्याचे अशी करा. हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि एकाच रांगेत लावले तर दोघांवरही अन्याय होतो. अंड्याच्या केकची जाळी अंड्यातली प्रथिनं धरून ठेवतात. बिनअंड्याच्या केकमध्ये ते काम दही-सोडा, कंडेन्स्ड मिल्क किंवा प्रीमिक्समधल्या (तयार कोरड्या मिश्रणातल्या) इमल्सिफायरकडून, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या पदार्थाकडून करून घेतात, त्यामुळे तो थोडा घट्ट आणि दमट लागणं साहजिक आहे. पाकिटबंद मालावर खूण असते: हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी, आणि आपल्याकडच्या नियमात अंडं मांसाहारी खुणेखाली येतं. सुटा माल घेताना विचारून घ्या.

एका बैठकीत चार बेकऱ्या पुरेत. सहानंतर जीभ थकते, गोडाची धार बोथट होते आणि शेवटच्या नगांना सरसकट मधले गुण पडायला लागतात. पाच चाखणारे असतील तर प्रत्येक बेकरीचे चार नग घ्या: एक वजन करून कापून बघण्यासाठी, दोन खाण्यासाठी, एक दुसऱ्या दिवसासाठी. एका बेकरीचे मात्र दोन जास्त घ्या. ते कशासाठी, ते पुढे सांगतो. एकूण अठरा नग होतात.

काउंटरवर ‘ताजा आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘आजचा घाणा किती वाजता निघाला?’ असं विचारा. जो दुकानदार वेळ सांगतो, त्याची ती वेळ टिपून घ्या. बऱ्याच साखळी दुकानांत माल मध्यवर्ती किचनमधून सकाळी येतो आणि तो आदल्या रात्री भाजलेला असू शकतो; त्यात फसवणूक नाही, पण नोंद हवी. कपकेक फ्रिजच्या काचेमागून दिला की बाहेरच्या कपाटातून, हेही लिहा.

घरी आणणं हा खरा कच्चा दुवा आहे. लोण्याचं आयसिंग २६ ते २८ अंशांच्या पुढे सैल पडायला लागतं, आणि एप्रिलमध्ये पुण्याची दुपार ३८ च्या पुढे जाते. खोका उंच हवा, झाकण आयसिंगला टेकता कामा नये. दुचाकीवर हुकाला पिशवी लटकवली की सगळे कपकेक एका बाजूला गोळा होतात. खोका पायांमधल्या सपाट जागेवर ठेवा. सकाळी दहाच्या आत खरेदी आणि साडेअकराला चाखणं, असा बेत ठेवलात तर उन्हाचा त्रास टळतो. जिभेसाठीही ती वेळ चांगली. सकाळच्या मिसळीनंतर लगेच बसू नका. चाखण्याआधी तासभर चहा, कॉफी, पान, बडीशेप, सिगारेट काही नको, आणि अंगावर अत्तर नको.

आता तापमान. फ्रिजमधून काढलेला कपकेक लगेच चाखला, तर चांगल्या बेकरीचा मालही कोरडा आणि कडक लागतो, आणि त्यात जितकं लोणी जास्त तितका तो जास्त कडक लागतो. म्हणजे भरपूर लोणी वापरणाऱ्यालाच शिक्षा होते आणि तेलात बनवलेला केक जिंकतो, कारण तेल थंडीत गोठत नाही. शिवाय थंड पदार्थात गोडी आणि वास दोन्ही दबतात. सगळे नग एकाच खोलीत, खोक्याचं झाकण किंचित उघडं ठेवून पाऊण ते एक तास राहू द्या. खोली २४ ते २६ अंशांची असली की उत्तम. उन्हाळ्यात त्यासाठी एसी लावावा लागला तर लावा, पण झोत टेबलावर येऊ देऊ नका. दहा मिनिटांत कापलेली बाजू सुकते.

ज्याने चाखायचं नाही, अशा एकाने पुढचं काम करायचं. कागदी वाटी काढून टाकायची, कारण तिच्यावर बेकरीचं नाव किंवा ओळखीचा रंग असतो. वर लावलेलं चॉकलेटचं बिल्लं, जेम्सच्या गोळ्या, स्प्रिंकल काढायचे. मग दातेरी सुरीने उभे चार भाग करायचे. असे चतकोर तुकडे पांढऱ्या बशीत ठेवले की आयसिंगच्या वेलांटीवरून बेकरी ओळखता येत नाही. बशांना १, २, ३ किंवा अ, ब, क देऊ नका. ‘१’ आणि ‘अ’ नकळत वरचढ वाटतात. ४१७, ८५२, २९६ असे तीन आकडी सांकेतिक क्रमांक द्या. प्रत्येकाचा चाखण्याचा क्रमही वेगळा ठेवा. पहिल्या घासाला भूक असते, म्हणून पहिला नमुना दोन गुण फुकट खातो. क्रम बदलत राहिला की तो फायदा सगळ्यांत वाटला जातो.

ते दोन जास्तीचे नग इथे उपयोगी पडतात. एकाच बेकरीचा कपकेक दोन वेगळ्या क्रमांकांखाली ठेवा आणि चाखणाऱ्यांना सांगू नका. शेवटी एकाच माणसाने त्या दोन बशांना शंभरपैकी ७२ आणि ६३ दिले असतील, तर त्याच्या गुणांत नऊचा फरक नुसता हेलकाव्याचा, म्हणजे कारणाशिवाय वर-खाली होण्याचा आहे. त्याच्या कागदावर दोन बेकऱ्यांत पाच गुणांचा फरक दिसला तर त्याला अर्थ नाही. तुमची बेकरी पहिल्यावरून चौथी गेली, त्याचं बरंचसं कारण इथेच सापडेल. गटातल्या प्रत्येकाचा हा हेलकावा एकदा कळला की वाद घालायला फारसं काही उरत नाही, म्हणून ही पायरी मी कधीही गाळू देत नाही.

कापण्याआधी वजन. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. आधी कागदासकट, मग कागद काढून, मग आयसिंग सुरीने अलगद उतरवून केक वेगळा आणि आयसिंग वेगळं. नेहमीच्या आकाराच्या वाटीत, म्हणजे तळ ५० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या वाटीत, ४५ ते ५५ ग्रॅम पीठ मावतं आणि भाजताना साधारण दहा-बारा टक्के वजन वाफेत जातं. म्हणून केक ४० ते ५० ग्रॅम भरायला हवा. लोण्याचं आयसिंग असेल तर केक ६० ते ६५ टक्के आणि आयसिंग ३५ ते ४० टक्के, हा मेळ मला योग्य वाटतो. आयसिंग ४५ टक्क्यांच्या वर गेलं तर तुम्ही केकचे पैसे देऊन साखर विकत घेताय. व्हिप क्रीमचा हिशेब वेगळा: फेटताना ते तीन-चार पट फुगतं, त्यामुळे उंच वेलांटीही जेमतेम १२-१५ ग्रॅम भरते. तिथे टक्क्यांवरून दोष काढू नका.

किंमत गुणांत मिसळू नका, शेजारी वेगळी लिहा, तीही १०० ग्रॅमला किती पडते ते काढून. ९० रुपयांचा ६८ ग्रॅमचा कपकेक १०० ग्रॅमला १३२ रुपये पडतो, ६० रुपयांचा ४८ ग्रॅमचा १२५ रुपये. दुकानात ३० रुपयांची वाटणारी तफावत प्रत्यक्षात किरकोळ निघते.

आता उभा काप डोळ्यांनी वाचायचा. माथा हलका, सलग फुगलेला हवा. मधून टोकदार वर आलेला आणि फुटलेला माथा म्हणजे भट्टी फार तापलेली: कडेचं कवच आधी धरलं आणि आतलं पीठ नंतर वाट फोडून वर आलं. अशा कपकेकमध्ये तळातून माथ्याकडे जाणारे उभे बोगदे दिसले तर पीठ जास्त घोटलंय, मैद्याचं ग्लुटेन, म्हणजे त्यातलं चिवट प्रथिन, ताणलं गेलंय, आणि घास चिवट लागणार हे चाखायच्या आधीच कळतं. माथा खचलेला असेल तर तीन शक्यता: बेकिंग पावडर जास्त, भाजणं अपुरं, किंवा भट्टीचं दार लवकर उघडलं. आयसिंगखाली खचलेला माथा झाकणं सोपं असतं, म्हणून आयसिंग उतरवूनच बघा. खड्ड्यात भरलेलं जादा आयसिंग तिथे सापडतं. तळाशी चिकट, काळसर, दाबल्यासारखा पट्टा असेल तर केक कच्चा राहिलाय, किंवा कालवलेलं पीठ बराच वेळ तसंच पडून राहिलं आणि बेकिंग पावडरचा जोर भट्टीत जायच्या आधीच संपला. मोठ्या बेकऱ्यांत सकाळच्या घाईत हे दुसरं कारण नेहमी घडतं. कापावर पिवळसर-तपकिरी ठिपके असतील तर सोडा नीट चाळला-विरघळला नाही; तो ठिपका नेमका तोंडात आला की कडू लागतो.

जाळी बारीक आणि बऱ्यापैकी सारखी हवी, पण अगदी यंत्रातून काढल्यासारखी एकसारखी दिसली तर सावध व्हा. केक जेल (फेस धरून ठेवणारा इमल्सिफायर) किंवा तयार प्रीमिक्स वापरलं की जाळी फार बारीक, काप गुळगुळीत, आणि दाबल्यावर केक उसळी मारून वर येतो. तो दिसायला देखणा असतो, दोन-तीन दिवस मऊही राहतो. लोणी आणि साखर फेसून, एकेक अंडं घालून केलेल्या केकची जाळी थोडी कमी-जास्त असते आणि तुकडा कडेला हलका भुरभुरतो. माझा कौल दुसऱ्याला, कारण चव तिथे असते. पण जाळी एकसारखी आहे एवढ्यावरून गुण कापू नका. चवीत काही सापडलं तरच कापा.

बोटांची एक चाचणी करा. मधल्या भागातून वाटाण्याएवढा तुकडा घ्या, अंगठा आणि तर्जनीत हलका चोळा. चांगल्या केकचा मऊ, किंचित स्निग्ध चुरा होतो, आणि दाबला तर पुन्हा सैलसर एकत्र येतो. वाळूसारखा सुटा रवा झाला तर केक जास्त भाजलाय किंवा शिळा आहे. पिठाची गोळी वळली आणि बोटाला चिकटली तर तो कच्चा आहे, किंवा साखर आणि ओलावा प्रमाणाबाहेर आहे. बिनअंड्याच्या केकची थोडी गोळी वळणारच, तिथे सैल हाताने गुण द्या.

मग घास. प्रत्येक चतकोरातून तीन घास घ्यायचे, याच क्रमाने: पहिला तळाच्या बाजूचा, आयसिंगशिवाय, दुसरा नुसत्या आयसिंगचा, अर्धा चमचा, तिसरा दोन्ही एकत्र. क्रम उलटा केला तर आयसिंगच्या साखरेनंतर केक हमखास फिका लागतो.

पहिला घास तोंडात घेण्याआधी वास घ्या. कृत्रिम व्हॅनिला नाकाला आधी आणि जोरात लागतो. त्यात एथिल व्हॅनिलिन हे कृत्रिम वासाचं रसायन असेल तर तो साध्या व्हॅनिलिनपेक्षा कितीतरी तीव्र असतो. वास भरपूर आणि तोंडात गेल्यावर मागे फार काही उरत नाही. शेंगेचा व्हॅनिला वासाला सौम्य, पण घास गिळल्यावर नाकाच्या मागच्या बाजूने परत येतो. शहरातल्या बहुतेक कपकेकमध्ये इसेन्सच असतो आणि नीट बेताने घातलेला इसेन्स चांगला लागू शकतो. गुण कापायचे ते भपकाऱ्यासाठी. अंड्याचा हिवस वास येत असेल तर केक कमी भाजलाय, किंवा अंडी थंड असताना घातल्याने मिश्रण फाटलंय आणि अंडं सगळीकडे नीट मिसळलं नाही.

चावताना पहिल्या पाच-सहा सेकंदांत केक विरघळायला लागला पाहिजे. घास तोंडात फिरतोय, लाळ शोषून घेतोय, पाणी प्यावंसं वाटतंय, तर तो कोरडा. टाळूला चिकटून बसला तर तो कच्चा किंवा फार गोड. गोडाखाली मिठाचा एक कण जाणवायला हवा. मीठ अजिबात नसलेला केक दुसऱ्याच घासाला कंटाळवाणा होतो. गिळल्यानंतर वीस-तीस सेकंद थांबा, कारण दोष मागून येतात. जिभेच्या मागच्या बाजूला साबणासारखं, किंचित बुळबुळीत लागलं तर सोडा जास्त झालाय, दह्या-व्हिनेगरच्या आंबटपणाने तो मारला गेलेला नाही. अशा केकचा रंगही नेहमीपेक्षा पिवळा-तपकिरी असतो. धातूसारखी तुरट चव ॲल्युमिनियमयुक्त बेकिंग पावडरची असू शकते. घशात खरखर आणि जुन्या तेलाचा वास आला तर स्निग्ध पदार्थ खवट झालाय. अक्रोड किंवा बदामाच्या पुडीचे कपकेक असतील तर खवटपणा बहुतेक त्या पुडीतून येतो.

आयसिंगच्या घासात एकच प्रश्न मोठा आहे: तो तोंडात वितळतो का? लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, तोंड त्याहून गरम असतं, म्हणून खरं बटरक्रीम जिभेवर पाणी होऊन जातं. वनस्पती तूप, मार्जरिन आणि व्हिप टॉपिंगमधली कडक केलेली पाम-कर्नल चरबी यांचा वितळबिंदू बराच वर-खाली असतो. नियमानुसार वनस्पती ३१ ते ४१ अंशांपर्यंत चालतं. वरच्या टोकाचं असलं की ते तोंडात पुरतं वितळत नाही आणि टाळूवर मेणाचा पातळ थर बसतो. ओळखायची रीत सोपी आहे: आयसिंग गिळल्यावर जीभ टाळूवरून फिरवा, मग कोमट पाण्याचा घोट घ्या. थर कोमट पाण्यानेही निघाला नाही तर लोणी नाही. दुकानदार ‘बटर आयसिंग’ म्हणाला तरी निकाल टाळूचा. एक भान मात्र ठेवा. मे महिन्यात बेकऱ्या मुद्दाम थोडी वनस्पती चरबी मिसळतात, नाहीतर आयसिंग काउंटरवरच ढासळेल. मी त्याला अर्धे गुण देतो, शून्य नाही. औद्योगिक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून आपल्याकडे दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे हा मुद्दा आता मुख्यतः चवीचा आहे.

दाताखाली साखर कचकचली तर आयसिंग शुगर नीट चाळली नाही, किंवा साधी साखर मिक्सरमध्ये दळून वापरली. पिठूळ, कच्च्या पिठासारखी चव आली तर आयसिंग शुगरमधला कॉर्नफ्लोअर बोलतोय. साध्या बटरक्रीममध्ये एक भाग लोण्याला वजनाने दोन भाग साखर असते. काहीजण तीनपर्यंत नेतात, तेव्हा आयसिंग उभं छान राहतं पण घसा धरतो. आयसिंग खारट लागलं तर नेहमीचं मिठाचं पिवळं बटर वापरलंय. केकमध्ये ते चालतं, तेवढ्याच लोण्याच्या आयसिंगमध्ये बोचतं. चॉकलेट गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) असेल तर त्यालाही वितळण्याचीच कसोटी लावा: कोको बटरचं चॉकलेट जिभेवर झटकन सुटतं, वनस्पती चरबीचं कंपाउंड आधी मेणासारखं आणि मग नुसतं गोड लागतं.

दोन बशांच्या मध्ये कोमट पाणी आणि बिनकडेचा पावाचा तुकडा. गार पाणी नको, त्याने टाळूवरची चरबी गोठते आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो. दोन नमुन्यांत तीन मिनिटं जाऊ द्या. कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा वास घेतलात तरी नाक तेवढंच ताळ्यावर येतं.

गुण शंभरपैकी द्या आणि असे वाटा: केकची चव आणि सुगंध २५, केकचा पोत आणि जाळी २०, ओलावा १०, आयसिंग २५, दोन्हींचा मेळ १५, बाह्यरूप ५. बाह्यरूपाला इतके कमी का, असं कोणी विचारेल. चतकोर करून चाखणाऱ्यांपुढे ते फारसं उरतच नाही. कापण्याआधी काढलेला फोटो शेवटी दाखवून ते पाच गुण द्यायचे. चाखायला बसण्याआधी प्रत्येक रकान्यात पूर्ण गुण कशाला, निम्मे कशाला, शून्य कशाला, हे एका ओळीत लिहून सगळ्यांना द्या. उदाहरणार्थ ओलावा: दहा म्हणजे घास पाण्याशिवाय सहज उतरतो, पाच म्हणजे उतरतो पण नंतर पाणी हवंसं वाटतं, शून्य म्हणजे पाण्याशिवाय उतरत नाही किंवा आत कच्चं ओलं पीठ आहे. हे न लिहिल्यामुळे एकाचे सहा आणि दुसऱ्याचे आठ एकाच अनुभवाचे असतात. एक कमाल मर्यादाही ठेवा: खवट, आंबलेला किंवा मध्ये कच्चा कपकेक बाकी कितीही देखणा असला तरी एकूण ३५ च्या वर जाणार नाही.

हे नको असेल आणि फक्त ‘कोणता आवडला’ एवढंच हवं असेल तर नऊ पायऱ्यांची पट्टी वापरा: ‘अत्यंत नावडला’ पासून ‘अत्यंत आवडला’ पर्यंत, मध्ये ‘ना आवड ना नावड’. अमेरिकन लष्कराच्या खाद्य-प्रयोगशाळेत सैनिकांच्या आवडीनिवडी मोजण्यासाठी ती बनली आणि आजही खाद्यउद्योगात रोज वापरतात. पण ती आवड सांगते, दर्जा नाही. घरातल्या लहान मुलांना पट्टी द्या, शंभरचा कागद नको.

चाखताना बोलायचं नाही. ‘हम्म’ सुद्धा नाही. पाच जणांच्या टेबलावर एकाचा चेहरा बाकी चौघांचे गुण हलवतो. सगळ्यांचे कागद जमा झाल्यावरच तोंड उघडायचं. बेरीज करताना सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. पाच जणांचे गुण ४०, ६८, ७०, ७१, ७४ असे असतील तर सरासरी ६४.६ येते, मधला आकडा ७०. बहुतेकांना काय वाटलं, ते ७० मध्ये दिसतं. मात्र त्या ४० वाल्याला कारण विचारा. कधीकधी त्याच्याच तुकड्यात सोड्याचा ठिपका असतो आणि ती माहिती मोलाची असते.

राहिलेला चौथा नग आयसिंग काढून, हवाबंद डब्यात, बाहेरच २४ तास ठेवा. फ्रिजमध्ये नको. भाजलेल्या पिठातला स्टार्च शून्य ते पाच अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने पुन्हा घट्ट होतो, म्हणून फ्रिजमधला केक बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटांची चाचणी आणि एक घास. तेलाचा आणि जेलचा केक जवळपास तसाच असेल, लोण्याचा थोडा घट्ट झाला असेल. त्यात दोष नाही. पण जो कालच घट्ट होता आणि आज चुरा झाला, तो तुम्हाला विकला तेव्हाच बहुधा एक दिवसाचा होता. या निरीक्षणाचे गुण मुख्य बेरजेत धरू नका, शेऱ्यात लिहा. ऋतूचाही शेरा लिहा: जुलैच्या दमट हवेत माथा चिकट होतो, डिसेंबरच्या कोरड्या हवेत तोच कपकेक अर्ध्या दिवसात सुकतो. त्यामुळे मुंबईच्या आणि पुण्याच्या बेकऱ्यांची तुलना एकाच शहरात, एकाच दिवशी चाखून करता येत नसेल तर करू नका. तीन तासांचा प्रवास केलेला कपकेक पाहुणा म्हणून खावा, स्पर्धक म्हणून नाही.

मावा केक कुठे बसवायचा, हा प्रश्न पुण्या-मुंबईत येणारच. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ १९१४ मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवानचा मावा केक आणि कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरच्या, १९५५ च्या कयानी बेकरीचा मावा केक ज्यांनी खाल्लाय ते म्हणतील, हाही कागदी वाटीतला छोटा केकच. आकार तोच, पण कपकेकच्या कागदावर त्याला गुण देऊ नका. त्याला आयसिंग नाही, म्हणजे २५ आणि १५ गुण बिनवापराचे. त्याच्यासाठी वेगळा कागद करा: माव्याची चव ३५, पोत २५, वेलची १५, माथ्याचा भाजकेपणा १५, कागदाचा तेलकटपणा १०. माथा बदामी ते गडद तपकिरी हवा, कारण माव्यातली साखर आणि प्रथिनं भाजली जाऊन तिथेच खरा खमंगपणा येतो. फिका माथा म्हणजे चव अर्धी राहिली. पोत कपकेकपेक्षा घट्ट, दाणेदार, दमट असणं बरोबर आहे. नुसती दूध पावडर आणि इसेन्स घातलेला असेल तर गोडी सपाट लागते, दाणा सापडत नाही आणि दुधाचा आटलेला वास येत नाही. वेलची सालासकट कुटलेली असेल तर दाताखाली काड्या येतात. तिचे गुण कापा. कागद किंचित पारदर्शक झाला तर ठीक, बोटं माखली तर स्निग्ध जास्त झालं. मावा आंबायला वेळ लागत नाही, म्हणून आंबूस वास आला तर दुसरा घास घेऊ नका. आणि हा केक वरच्यासारखा तासभर ठेवून न चाखता भट्टीतून निघाल्यावर दोन-तीन तासांत, जेमतेम कोमट असताना चाखा. दुपारी बंद राहणाऱ्या जुन्या बेकऱ्यांसाठी सकाळी लवकर जाण्याला पर्याय नाही.

निकाल इतरांसमोर मांडणार असाल तर बेकरीच्या नावासोबत शाखा, तारीख, विकत घेतल्याची आणि चाखल्याची वेळ, प्रकार, अंड्याचा की बिनअंड्याचा, वजन, किंमत आणि चाखणारे किती, एवढं लिहा. ‘शिळा होता’ असं लिहू नका, ते तुम्ही बघितलेलं नाही; ‘चुरा कोरडा, घास पाण्याशिवाय उतरला नाही’ असं लिहा. एका घाण्यावरून बेकरीला क्रमांक देऊ नका. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि एकदा रविवारी, असं पुन्हा चाखा. रविवारी माल लवकर संपतो म्हणून ताजा मिळतो, आणि त्याच दिवशी घाईत कच्चाही राहतो. दोन्ही वेळचे मधले आकडे शेजारी छापा, त्यांची एक सरासरी करू नका. पहिल्या आणि दुसऱ्या बेकरीतला फरक तुमच्या गटाच्या हेलकाव्यापेक्षा कमी असेल तर दोघींना एकच क्रमांक द्या.